रोजची पेज

ज्या शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, मी कळायला लागल्यापासून विश्वास ठेवला, त्यात तांदूळ नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं आणि खरं सांगते, मला देवाचाच राग आला. गहू आहे, जव आहे, मसूर आहे, अंजीर आहे, डाळिंब आहे, अगदी कांदा-लसूणसुद्धा आहे. तांदूळ मात्र शोधून सापडत नाही. आम्ही नवेगाव बांधच्या बाजूची माणसं. आमच्या दारापासून तळ्याच्या पाळीपर्यंत सगळं धानच धान. पोर जन्मलं तरी तांदूळ, माणूस गेलं तरी तांदूळ. मग ज्या पुस्तकात आमच्या तोंडातला घास नाही, त्यात आम्ही तरी आहोत का, असा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना. श्रद्धेच्या माणसानं असं बोलू नये म्हणतात. पण मी जशी आहे तशीच देवापुढं उभी राहिले होते, म्हणून तसंच सांगते.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, प्रार्थनाघर म्हणजे कौलारू छपराची एक खोली आणि पुढं सारवलेलं अंगण. माझं घर त्याला लागूनच, आणि घराच्या पडवीत आमची पिठाची चक्की. ही चक्की माझ्या सासूबाईंनी सुरू केली. त्यांना अख्खं गाव माय म्हणायचं, मीही मायच म्हणायचे. माय दाराशी पाटावर बसायची आणि डबा घेऊन आलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचारायची, "कशाचं हाय? कोनाचं हाय?" कशाचं हे दगडासाठी, कारण तांदळाला दगड वेगळा कसावा लागतो. कोणाचं हे डबा ज्याचा त्याला परत जावा म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तिनं हेच शिकवलं. वर सांगितलं, "पहिलं विसरली तं चालते, पिसान थोडं जाडंभरडं निंघंन. दुसरं विसरू नको." तेव्हा मला वाटलं, बाई धंद्याचं सांगून राहिली.

माय लिहा-वाचायला शिकली नव्हती. प्रार्थना तिला तोंडपाठ होती ती एका म्हाताऱ्या सुवार्तिकानं शिकवलेली. ते येशूची गोष्ट सांगत सायकलवर गावोगाव फिरायचे. त्या काळी आमच्याकडं भाकर सणासुदीला व्हायची, एरवी सकाळी पेज आणि रात्री भात. प्रभूची प्रार्थना शिकवताना "आमची रोजची भाकर" म्हटलं की गावातल्या बायका हसायच्या. रोज रोज भाकर मागायची म्हणजे देवाकडं रोज पुरणपोळी मागितल्यासारखं! मग त्या म्हाताऱ्यानं सरळ शिकवलं, "आमची रोजची पेज आज आमाले दे." माय आयुष्यभर तसंच म्हणत आली. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजावर भाकर मोडून वाटतात तेव्हा, मात्र पेज चालेना, कारण ती मोडून वाटता येत नाही. म्हणून तिथं पानगा आला. तांदळाच्या पिठाचा गोळा पळसाच्या दोन पानांत दाबायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा, त्याला आम्ही पानगा म्हणतो. त्यात खमीर नाही, काही नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी माय पहाटे उठून, आंघोळ करून पानगा भाजायची. तो मोडला की पळसाच्या करपलेल्या पानाचा वास सगळ्या खोलीत पसरायचा. माझ्यासाठी प्रभूच्या मेजाचा वास म्हणजे तोच.

मग नवे पास्टर आले. तरुण माणूस, ज्वारीच्या मुलखातला, शिकलेला, मोटारसायकलवर तीन-चार गावं सांभाळणारा. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही कबूल करत होते, कितीही जिवावर आलं तरी. आजाऱ्यांना भेटायचा, पैशाला शिवायचा नाही, आणि शास्त्राला असा घाबरायचा की तसं घाबरणं मी कुणात पाहिलं नाही. पहिल्याच प्रभुभोजनाला त्यानं पानगा हातात घेतला, वास घेतला आणि विचारलं, "ही भाकर कशाची?" माय कौतुकानं म्हणाली, "तांदराची हाय जी." त्या दिवशी त्यानं ती वाटली, पण उपासना संपल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. म्हणाला, प्रभूनं भाकर घेतली ती गव्हाची होती. शास्त्रात कुठंही तांदळाची भाकर नाही. देवानं जिथं सांगितलं नाही तिथं आपण आपल्या मनानं काही घालायचं नाही. शिवाय गावातले लोक त्यांच्या देवाच्या नैवेद्याला हाच पानगा करतात. उद्या एखाद्या पोरानं विचारलं, तिकडचा देव आणि इकडचा देव एकच का, तर काय सांगाल?

नैवेद्याचं तो बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. पण माझं टाळकं फिरलं. मी म्हणाले, "शास्त्रात तुमची मोटारसायकल कुठी हाय?" लोक हसले. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, मोटारसायकल हे साधन आहे, ती नसली तर मी चालत येईन. भाकर ही आज्ञा आहे." मग त्यानं अहरोन या याजकाच्या, म्हणजे पुरोहिताच्या, दोन मुलांची गोष्ट सांगितली. देवानं न सांगितलेला अग्नी त्यांनी वेदीपुढं नेला आणि जागीच जळून गेले. देवानं त्यांना 'नेऊ नका' असं कुठं म्हटलं होतं? म्हटलं नव्हतं, सांगितलंच नव्हतं. शास्त्राचं गप्प राहणं हीसुद्धा मनाईच आहे, असं त्याचं म्हणणं. आणि पुरावा म्हणून इब्री लोकांसाठीच्या पत्रातलं एक वचन दाखवलं. यहूदाच्या वंशातून याजक होण्याविषयी देवाचे नियम आणणारा मोशे काहीच बोलला नाही, म्हणून त्या वंशातला कुणी याजक होऊ शकत नव्हता.

घरी येऊन मी चक्की बंद ठेवली आणि तेच पत्र उघडून बसले. तो पूर्ण भाग वाचला आणि उडालेच. अहो, ज्या वंशाविषयी मोशे गप्प राहिला, त्याच वंशातून आपला प्रभू आला आणि तोच सगळ्यांचा मोठा याजक झाला, हेच तर त्या पत्रात सांगितलंय! मोशे जिथं बोलला नाही, त्याच मुक्या जागेतून देवानं आपला पोरगा पाठवला. पुढच्या रविवारी मी भर मंडळीत उभी राहून हे बोलले. माझा आवाज चढला होता, मालक माझा पदर ओढून खाली बसवत होते, पण मी पूर्ण बोलूनच बसले. पास्टर लाल झाला. तरी शांतपणेच म्हणाला, "पण तिथं देव गप्प राहिला नाही, ताई. त्यानं शपथ वाहून सांगितलं की हाच याजक. तांदळासाठी देवाची शपथ तुम्ही मला दाखवा." मला ती दाखवता येईना. त्याचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच माझा राग दुप्पट झाला.

एक वाट होती. चक्कीच्या दगडात आधीच्या दळणाचं पीठ थोडंफार राहतंच. गव्हानंतर तांदूळ टाकला तर पहिल्या ओंजळीत गहू येणारच. म्हणजे मायच्या पानग्यात वर्षानुवर्षं गव्हाचा कण होताच. हे पास्टरला सांगितलं असतं तर कदाचित त्याचं मन निवलं असतं. मालक म्हणाले, सांगून टाक आणि मोकळी हो. मी म्हणाले, मरेन पण सांगणार नाही. आमच्या तांदळाला गव्हाच्या कणाच्या आडून आत यायचं असेल तर त्यानं बाहेरच राहावं. चोरून मिळवलेली परवानगी मला नको होती.

मंडळीनं गव्हाची भाकर मुकाट स्वीकारली. कुणी म्हणालं, भाकरच तर आहे, खाऊन टाका. मी पहिल्या रविवारी मागच्या दाराशी बसायला लागले आणि मेजाकडं जाईना झाले. माय मात्र दर वेळी उठायची, हात पुढं करायची, पास्टर देईल तो तुकडा कपाळाला लावून खायची. मला तिचाही राग यायचा. घरी आल्यावर म्हणायचे, तुझा पानगा त्यानं काढून टाकला आणि तू त्याच्याच पुढं हात पसरते? ती म्हणायची, "कायले भांडून राहिली तू? आधी जेव." प्रार्थनेतला तिचा शब्दही पास्टरनं सुधारला होता. "मावशी, पेज नाही, भाकर म्हणायचं." ती मान डोलवायची. पण घरी, आमच्यापुढं, शब्द पेजच यायचा. इतक्या वर्षांची जीभ, ती कुठं वळणार?

मग मायच्या घशात गाठ निघाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून आम्हाला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की आता घरीच ठेवा, जे गिळवेल ते द्या. आधी भात बंद झाला, मग वरण. गव्हाचं तर काहीच उतरेना. पाव दुधात भिजवून पाहिला, कणकेची पातळ लापशी करून पाहिली, प्रत्येक वेळी असा ठसका लागायचा की डोळे पांढरे व्हायचे. उतरायची ती फक्त पेज, तीही गाळून, चमच्यानं. आयुष्यभर देवाकडं जे मागितलं तेवढंच तिच्या घशात शिल्लक राहिलं होतं.

मे महिन्यात ती अगदी खाटेला लागली. एका सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "प्रभुभोजन पायजे." बाकी तिला काही नको होतं. लेक भेटून गेली होती, जमिनीचं बोलून झालं होतं, उशाशी कुणी रडावं अशीही तिची अपेक्षा नव्हती. एवढंच एक राहिलं होतं. निरोप दिला तसा पास्टर भर दुपारी आला. मायसाठी सकाळपासून उपाशी राहून प्रार्थना करत होता, हे मला नंतर कळलं. त्यानं गव्हाच्या भाकरीचा कण, अगदी मुंगीएवढा, पाण्यात विरघळवून तिच्या ओठाला लावला. माय धडपडत उठून बसली, खोकली, आणि खोकता खोकता तिच्या तोंडातून रक्त आलं. मी तिची पाठ चोळत होते आणि ओरडत होते, "पुरे झालं, पुरे झालं!" जरा श्वास बसल्यावर मायनंच विचारलं, आवाज फुटत नव्हता तरी विचारलं, "पेज चालत नाही का, बापू?"

पास्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. पण तो म्हणाला, "मावशी, जिथं शास्त्र बोलत नाही तिथं मी कसा बोलू? मी चुकीचं दिलं तर तुमचाही घात आणि माझाही." मी दार उघडून उभी राहिले. म्हणाले, "मंग जा. मरनाऱ्या बाईले उपाशी ठेवनारा तुमचा देव तुमी घेऊन जा." असं बोलायला नको होतं. पण बोलले, आणि तो मान खाली घालून उन्हात निघून गेला.

त्यानंतर मी घरात थांबूच शकले नाही. मालकांना मायजवळ बसवलं आणि तळ्याच्या पाळीवर गेले. पाणी आटून पार आत गेलं होतं, कडेची माती तडकली होती, दूर दोघं-तिघं जाळी सोडवत बसले होते. मी पाळीवर उभी राहून देवाशी भांडले. मोठ्यानं भांडले, ते जाळीवाले वळून पाहायला लागले इतक्या मोठ्यानं. म्हणाले, तू काऊन गप्प? तुझं पुस्तक गप्प, तू गप्प, आणि तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावणारे सगळे बोलून राहिले! तुला आमचा तांदूळ ठाऊक नव्हता का? ठाऊक होता तर एक शब्द का नाही लिहिलास? रागातच माझं लहानपण आठवलं. माझी आई धानाच्या रोवणीला जायची तेव्हा चूल माझ्यावर सोडून जायची. काय रांधायचं, कशात रांधायचं, काही सांगायची नाही. घरात जे असेल ते मी शिजवायचे आणि ती परत येऊन जेवायची. ती न सांगता गेली म्हणजे चूल पेटवू नको, असा अर्थ मी कधी काढला नाही. तिचा माझ्यावर भरवसा होता, एवढंच मला कळायचं. मग मी देवाला सांगून टाकलं, उद्या सकाळी मी स्वतः मायला प्रभुभोजन देणार. पास्टर नाही, कुणी नाही. पाप लागलं तर माझ्या नावावर लाव, आणि अग्नी पाठवायचा असेल तर मी चुलीपाशीच आहे, पत्ता ठाऊक आहे तुला.

दुसऱ्या दिवशी मी उठले, आंघोळ केली, मायसारखाच पानगा भाजला. पेज गाळून घेतली. पानग्याचा कण बोटांनी चोळून चोळून तिच्यात विरघळवला. पितळेची वाटी आणि पानग्याची ताटली घेऊन तिच्या खाटेशी गुडघे टेकले. मी ठरवलं ते ठरवलं. प्रार्थना म्हटली, चमचा तिच्या ओठांशी नेला आणि मायनं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, ठसक्याला भिते. पुन्हा नेला. तिनं मान फिरवली. मी म्हणाले, माय, पेजच आहे, तुझीच पेज. ती हळू म्हणाली, "त्याले येऊ दे." मी म्हणाले, तो देणार नाही, काल नाही म्हणून गेला, तुझ्यासमोरच गेला. ती पुन्हा म्हणाली, "येईन तो. येऊ दे." बस्स. वाटी माझ्या हातात तशीच राहिली. खरं सांगते, त्या क्षणी मला माझी हार दिसत होती. पास्टर देणार नाही आणि माय माझ्या हातून घेणार नाही. जगातल्या सगळ्यांशी भांडता येतं, पण जिच्यासाठी भांडतोय तिनंच तोंड मिटलं तर काय करायचं? मी वाटी खाटेच्या पायाशी ठेवली. देवाला म्हणाले, घे बाबा, माझ्याकडून आता काही होत नाही. त्यात भक्ती काही नव्हती, मी थकले होते. पण म्हटलं ते मनापासून म्हटलं.

आणि अंगणात मोटारसायकलचा आवाज आला. पास्टर दुसऱ्याच कुणाच्या तरी मागं बसून आला होता. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजलेला, ओठ सुकलेले. तो थेट मायच्या खाटेशी येऊन खाली मातीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. माझ्या दारातून निघाला तो जंगलाच्या रस्त्यानं. पोट रिकामं, ऊन डोक्यावर. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गाडीसकट कोसळला. किती वेळ पडून होता ते त्यालाच कळलं नाही. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणारी एक बाई डोक्यावरचा गठ्ठा टाकून त्याच्याकडं धावली. तिनं त्याला ओढून सावलीत बसवलं, तोंड पुसलं, पानाचा दोना केला आणि भोपळ्याच्या तुंब्यातली पेज त्यात ओतून दिली. ती गोंडीत काही बोलत होती, ते त्याला समजत नव्हतं. दोना हातात आला तसे सवयीनं त्याचे डोळे मिटले. डोकं जागेवर नव्हतं, स्वतःची प्रार्थना सुचेना, म्हणून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागला. आणि त्या ओळीपाशी त्याच्या तोंडून आलं, "आमची रोजची पेज आज आम्हाला दे."

मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला मी जो शब्द सुधारला तोच. मी म्हटलं नाही, आला. आणि हातात पेजच होती." तो पेज संपवेपर्यंत ती बाई उभी होती. मग गठ्ठा उचलला आणि रानात गेली. मागून येणाऱ्या एका गाडीवाल्यानं त्याला जवळच्या गावात नेलं. पुढं कितीतरी दिवसांनी त्यानं तिला शोधायचा प्रयत्न केला, तेंदूपत्ता जमा करतात तिथं विचारलं. अशा बाया किती असतात, कुणी काय सांगणार? असेल त्यातलीच एखादी. ती कोण होती यावर मला वाद घालायचा नाही. एरवी मी वाद सोडत नाही, पण हा सोडते.

"तांदूळ द्यावा असं वचन मला अजून सापडलं नाही, ताई," तो माझ्याकडं वळून म्हणाला. "देऊ नये असंही सापडलं नाही. काल मी ती पेज देवाची म्हणून प्यालो, आणि मला अग्नी लागला नाही. जीव आला. आता मावशीला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" मी वाटी उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं ताटलीतला पानगा घेतला, आभार मानले, मोडला. करपलेल्या पळसाचा तो वास पुन्हा खोलीत पसरला आणि मला हुंदका आवरेना. मालकांना दिला, मला दिला, स्वतः घेतला. मग पेजेचा चमचा मायच्या ओठांशी नेला. मायनं तोंड उघडलं. ठसका नाही, खोकला नाही. घोट उतरताना तिच्या गळ्याची शीर हललेली मी डोळ्यांनी पाहिली. ती हसली, आणि पास्टरच्या कपाळाच्या पट्टीवर हात ठेवून तिनं विचारलं, "जेवला का, बापू?"

माय त्यानंतर थोडेच दिवस होती. एका संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते. माझा राग अजून पुरता गेला नव्हता, मी आपली बडबडत होते. पाहिलंस, शेवटी आला ना ताळ्यावर, आता दर महिन्याला पानगाच करायला लावते त्याला. मायनं डोळे उघडले. म्हणाली, "तूही मेजावर जाजो. तो गव्हाची देईन तं गव्हाची खाजो." मी म्हणाले, "आता काऊन? आता तं आपून जिंकलो." तिनं पुन्हा डोळे मिटले, मला वाटलं झोपली. मग चक्कीवर डबा घेताना विचारायची त्याच आवाजात म्हणाली, "कशाची हाय ते इसरली तं चालते, बाई. कोनाची हाय ते इसरू नको." इतकी वर्षं मी तो धंद्याचा नियम समजत आले होते.

माय गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पहाटे उठले. चुलीपाशी बसले आणि माझ्या हातांनी कणीक मळून गव्हाची भाकर भाजली. हात चालत नव्हते, रडू येत होतं, मायवरच चिडत होते, पण भाजली. स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्रार्थनाघरात नेली. पास्टर आधीच आला होता. मेजावर एक फडकं होतं, त्याखाली काहीतरी. त्यानं ते उघडलं तर पानगा! एका बाजूनं काळाठिक्कर, दुसऱ्या बाजूनं कच्चा, पळसाचं पान चिकटून बसलेलं. स्वतः भाजला होता बिचाऱ्यानं, कुणाला न विचारता. त्यानं माझ्या हातातल्या भाकरीकडं पाहिलं, मी त्याच्या पानग्याकडं. मंडळी बघत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकदम हसलो आणि एकदमच रडायला लागलो.

डोळे पुसून त्यानं विचारलं, "ताई, मग आज भाकर कशाची मोडू?"

मी म्हणाले, "कोनाची हाय ते पाहा जी."

त्यानं दोन्ही मोडल्या. शास्त्रात दोन भाकरी मोडल्याचं कुठं लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक होतं. कुणाला त्याबद्दल मला सुनवायचं असेल तर खुशाल यावं, मी चक्कीवरच असते. शास्त्र जिथं गप्प आहे तिथं दुसऱ्याच्या तोंडातला घास काढून घ्यायचा हक्क कुणाला मिळत नाही, हे मी आजही ठणकावून सांगते. आणि त्याच गप्प जागेत उभं राहून मेजाकडं पाठ फिरवायचा हक्क मलाही नव्हता, हे मला मायनं तोंड मिटून शिकवलं. त्या रानातल्या बाईचे, त्या उन्हाचे आणि माझं सगळं ओरडणं मुकाट ऐकून घेणाऱ्या देवाचे मी रोज आभार मानते. पेज पिताना मानते. आणि मायचा शब्द राखून त्या दिवशी मी मेजावर गेले, पास्टरच्या हातून आधी गव्हाचा तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. देवाची शपथ, पानग्याची चव काही त्याला नव्हती.